विजेच्या नियोजनाचा पाया घालणारे बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तिच्यात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर एक लेख असायचाच. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, भारताची घटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सगळे आपल्या लहानथोरांना पाठ आहे, आणि ते पाठ असायलाच हवे. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातली १९४२ ते १९४६ ही चार वर्षे आपल्या भाषणांत फारशी येत नाहीत. आली तर कामगारांच्या आठ तासांपुरती येतात. त्याच चार वर्षांत बाबासाहेबांनी या देशाच्या पाण्याचा आणि विजेचा विचार केला, ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांच्या कानावर गेलेली नाही.

आपल्या आनंदनगरला एमआयडीसीचा शेजार आहे. वीज गेली की मशीन बंद, मशीन बंद की कंत्राटी कामगाराचा रोज बुडाला, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून यंदा बाबासाहेबांचे चरित्र आम्ही या एका बाजूने सांगायचे ठरवले आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. पुढे दापोली, सातारा आणि मग मुंबई असा या कुटुंबाचा प्रवास झाला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार. घर निजले की भीमरावांचा अभ्यास सुरू व्हायचा, तोही मिणमिणत्या दिव्यापाशी. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली सयाजीराव महाराज गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे आणि नंतर लंडनला त्यांचा मुख्य विषय होता अर्थशास्त्र. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली.

१९१८ साली बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. त्या वेळी मोठमोठे पंडित सांगत होते की तुकडे जोडले म्हणजे शेतकरी सुखी होईल. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे पडले. जमीन थोडी आणि तिच्यावर बसलेली माणसे फार, हा खरा रोग आहे असे त्यांनी दाखवून दिले. जे हात शेतीत रिकामे बसले आहेत त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळाले तरच शेतीवरचा भार हलका होईल, हा त्यांचा इलाज होता. गावात आपल्या समाजाच्या वाट्याला जमीनच नव्हती. महारकी, वेठ आणि मजुरी एवढेच होते. तेव्हा कारखाना ही गोष्ट बाबासाहेबांना गावकुसाबाहेरून सुटण्याची वाट वाटत होती. आणि कारखाना चालायचा तर वीज हवी. हा धागा पुढे पंचवीस वर्षांनी त्यांच्या हातात पुन्हा आला.

मजूरमंत्र्याच्या खात्यातली वीज

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खाते, पण त्याच्या पोटात खाणी, सरकारी बांधकामे, पाटबंधारे आणि वीज एवढे सगळे होते. दुसरे महायुद्ध चालू होते. कोळसा कमी पडत होता. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद-राणीगंजच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरून कामगार कसे राबतात ते त्यांनी पाहिले. कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी १९४४ साली सुरू झाला आणि १९४६ साली कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांचा कायदा झाला.

त्या काळी वीज होती कुठे? आपल्या बाजूला टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधून १९१५ साली खोपोली, १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा अशी वीजघरे सुरू केली होती. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. ठाकुर्लीला रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस होते, ते कोळशावर चालायचे. पण हा झाला मुंबईचा टापू. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी सबंध देशाची वीजक्षमता होती अवघी १३६२ मेगावॅट, आणि वीज पोचलेली खेडी सुमारे १५००. वीज म्हणजे बहुतेक शहरांत खाजगी कंपन्यांनी चालवलेला धंदा. जिथे नफा तिथे तारा, बाकी अंधार.

युद्धानंतरच्या पुनर्रचनेसाठी सरकारने समित्या नेमल्या. त्यांतल्या सार्वजनिक बांधकामे आणि वीज या विषयाच्या धोरण समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी नवी दिल्लीत तिची पहिली बैठक झाली. तिथे बाबासाहेबांनी मूळ प्रश्नांनाच हात घातला. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? सरकारी असेल तर केंद्राची की प्रांतांची? लोकांना ती स्वस्त आणि भरपूर मिळेल अशी व्यवस्था कोणती? स्वस्त आणि भरपूर विजेशिवाय उद्योगीकरण होणार नाही, आणि उद्योगीकरणाशिवाय या देशातल्या गरिबाची पिढ्यान्‌पिढ्यांची दारिद्र्यातून सुटका नाही, हा त्यांचा विचार होता. वीज कशासाठी, तर गरिबीच्या फेऱ्यातून माणूस बाहेर काढण्यासाठी. तारा, खांब आणि यंत्रे हे त्यानंतरचे.

बेभरवशाची नदी

आता पाण्याच्या विजेची अडचण समजून घेऊ. पाणी फुकट आहे, पण ते आपल्या सोयीने येत नाही. आपल्या कोकणातच बघा, जूनला पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत धो धो कोसळतो आणि उरलेले आठ महिने आभाळ कोरडे. गिरणी मात्र बाराही महिने चालवायची असते. म्हणून तर टाटांना आधी तलाव बांधावे लागले. भिवपुरीची चक्रे फिरवून सुटलेले पाणी उल्हास नदीत येते आणि आपल्या बाजूच्या पाणीयोजनांना उपयोगी पडते. म्हणजे घाटावरच्या त्या साठ्याचे उपकार आपण विजेतही घेतो आणि नळालाही घेतो. पण एखाद्या वर्षी पाऊसच कमी झाला तर? किंवा एका रात्रीत दुप्पट झाला तर? किती वीज मिळेल याचा आकडा कुठल्या वर्षावरून धरायचा?

हाच प्रश्न दामोदर नदीने बाबासाहेबांपुढे आणून ठेवला. ही नदी आजच्या झारखंडातून बंगालात उतरते. जुलै १९४३ मध्ये बर्दवानजवळ तिचा बांध फुटला, गावे पाण्याखाली गेली आणि कलकत्त्याचा रेल्वेमार्ग तुटला. बंगालात त्याच वर्षी भीषण दुष्काळ चालू होता, त्यात हा पूर. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सभासद होते. शंभर वर्षे इंजिनिअर नदीच्या कडेने बांध उंच करीत आले होते आणि बांध फुटतच होते. अमेरिकेत टेनेसी नदीवर १९३३ पासून एकच मंडळ पूर, वीज आणि शेतीचे पाणी अशी सगळी कामे एकत्र बघत होते. दामोदरलाही तसेच करावे अशी समितीची शिफारस आली.

बाबासाहेबांच्या खात्याने ती उचलून धरली. १९४४ साली सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले. देशात कुठे किती वीज लागेल आणि ती कशापासून करता येईल, याची पाहणी करून योजना मांडणे हे त्याचे काम. टेनेसीला काम केलेले इंजिनिअर वुरडुइन या बोर्डावर आले. ५ एप्रिल १९४५ रोजी पाणी, पाटबंधारे आणि जलवाहतूक यांसाठी केंद्रीय आयोग निघाला, त्याचे अध्यक्ष डॉ. ए. एन. खोसला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच.

ऑगस्ट १९४५ मध्ये वुरडुइन यांनी दामोदरचा आराखडा दिला. त्यातली हिशेबाची रीत आमच्या मनाला फार भावली. तोवर नोंदला गेलेला दामोदरचा सर्वांत मोठा पूर सुमारे साडेसहा लाख क्युसेकचा होता. आराखडा मात्र धरला दहा लाख क्युसेकचा! कालपर्यंत जे घडले त्याहून मोठे उद्या घडू शकते, हे मान्य करूनच मांडणी केली गेली. आठ धरणे सुचवली गेली. त्यांतून पुराला आळा, सुमारे ७ लाख ६० हजार एकरांना बारमाही पाणी आणि ३ लाख किलोवॅट वीज असा अंदाज होता. आणि वीज नुसत्या पाण्यावर सोडलेली नव्हती, जोडीला कोळशाचे वीजघरही योजले होते. पावसाळ्यात नदी भरात असताना पाण्याची वीज घ्यायची आणि कोळसा वाचवायचा. उन्हाळ्यात धरण जपायचे आणि कोळशाचा बॉयलर पेटवायचा. एक दमला तर दुसऱ्याने ओढायचे, बैलजोडीसारखे.

योजना कागदावर आली तरी भांडणे होतीच. धरणे बिहारच्या हद्दीत, जमीन बुडणार बिहारची. पूर थांबणार बंगालचा. खर्च कुणी किती उचलायचा? १९४५ साली जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला परिषदा झाल्या. बाबासाहेबांनी केंद्र, बंगाल आणि बिहार यांना एका टेबलाभोवती बसवले. नदीला प्रांताची सीमा कळत नाही, तेव्हा तिचा कारभार एका अधिकारी मंडळाकडे असावा आणि फायदा खोऱ्यात राहणाऱ्या अगदी तळच्या माणसापर्यंत जावा, असा त्यांचा आग्रह होता.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीबद्दल परिषद झाली. ओरिसा म्हणजे पूर, दुष्काळ आणि हिवताप. जादा पाणी म्हणजे संकट, ते लवकरात लवकर समुद्रात लोटायचे, हीच आजवरची समजूत. बाबासाहेबांनी ती उलटी केली. पाणी ही संपत्ती आहे. माणसाचे हाल पाणी जास्त झाल्याने झालेले नाहीत, ते साठवता न आल्याने झाले आहेत, असे त्यांनी पटवून दिले. १५ मार्च १९४६ रोजी हिराकुड धरणाची कोनशिला बसली आणि १९५७ साली त्याचे उद्घाटन झाले.

पुढे काय झाले

१९४६ च्या मध्याला बाबासाहेब त्या मंडळातून बाहेर पडले. पुढे ते घटनेच्या कामात गुंतले. पण पेरलेले उगवले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ कायद्याने स्थापन झाले. त्याच साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला. तेव्हा हे खाते आपल्या पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते. या कायद्याने केंद्रात वीज प्राधिकरणाची आणि राज्याराज्यांत वीज मंडळांची तरतूद झाली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी त्याच कायद्याखाली निघाले. २००५ साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्यांतल्याच एका कंपनीचे बिल आज आपल्या दारात पडते. घटनेतही वीज हा विषय केंद्र आणि राज्ये या दोघांच्या समाईक सूचीत आहे.

गौरवाच्या भरात उणी बाजू लपवणे हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही, म्हणून तीही लिहितो. दामोदरच्या आठ धरणांपैकी पहिल्या टप्प्यात चारच झाली: तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७ आणि पंचेत १९५९. मैथन आणि पंचेत पूर्ण भरतील एवढी जमीनही ताब्यात आली नाही. साठा कमी पडला, म्हणून पूर पूर्ण थांबले नाहीत आणि पाण्यापासूनची वीजही योजनेपेक्षा कमी राहिली. बोकारोचे कोळशाचे वीजघर १९५३ सालीच सुरू झाले होते. पुढे दामोदरच्या विजेचा मोठा हिस्सा कोळशाचाच झाला. म्हणजे जोडीतला एक बैल लहान राहिला आणि सगळा भार दुसऱ्यावर आला. आणि ज्यांची घरेदारे बुडाली ती हजारो कुटुंबे, त्यांत आदिवासी पुष्कळ, त्यांच्या घरी दिवा उशिरा पोचला, काहींच्या घरी पोचलाच नाही. तळच्या माणसापर्यंत फायदा जावा ही बाबासाहेबांची अट कागदावर राहिली. धरण अर्धे बांधले तर पूर येतो हे दिसते. न्याय अर्धा केला तर काय होते ते मोजायला मीटर नसतो.

आजचा ऊन-वारा

हा जुना इतिहास आज का सांगायचा? कारण तोच प्रश्न आज नव्या रूपाने आला आहे. त्या काळी नदी बेभरवशाची होती, आज ऊन आणि वारा बेभरवशाचे आहेत. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापते आहे, म्हणून सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढवायची हे देशाने ठरवले आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट म्हणजे ५ लाख मेगावॅट क्षमता कोळसा, तेल, गॅस यांखेरीजची करायची, असे २०२१ साली जाहीर झाले. चांगलेच आहे. पण सोलरची वीज दुपारी बारा वाजता भरपूर आणि आपल्या घरात सगळे दिवे लागतात त्या संध्याकाळी सात वाजता शून्य. वाऱ्याची वीज पावसाळ्यात जोरात, एरवी मंद. ढग कधी येईल, वारा कधी पडेल, कारखाने किती वाढतील, बॅटरी किती स्वस्त होईल, हे दहा वर्षे आधी नक्की कोण सांगणार?

पण वीजघर, धरण आणि मोठ्या तारा यांना उभे राहायला पाच-दहा वर्षे लागतात. निर्णय आजच घ्यावा लागतो. कमी बांधले तर भारनियमन. ते आपण पुष्कळ भोगले आहे, मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास केलेली पोरे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. जास्त बांधले तर बंद पडून राहिलेल्या वीजघरांचा स्थिर खर्चही शेवटी बिलातच चढतो. दोन्ही चुकांची किंमत गरीबच मोजतो. श्रीमंताकडे जनरेटर असतो.

मग उपाय? बाबासाहेबांच्या काळी बसवलेली घडी आजही उपयोगी आहे. पहिले, एकाच अंदाजावर सगळे लावायचे नाही, वाईट वर्ष आणि चांगले वर्ष दोन्ही धरून हिशेब करायचा. दुसरे, साठा करायचा. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याला लागून घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. पाण्याची बॅटरीच म्हणा! तिसरे, जोडी लावायची: ऊन, वारा, पाणी, कोळसा यांपैकी एक कमी पडला की दुसरा पुढे. चौथे, तारांनी सगळा मुलूख जोडायचा, म्हणजे इथे ढग असला तर दुसरीकडचे ऊन कामी येते. पण जोडलेल्या तारांचीही निगा लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या लोकल जागच्या जागी थांबल्या, हे आपण अनुभवले. आणि पाचवे, ज्याची जमीन जाते आणि ज्याच्या घरी दिवा नाही, त्याला हिशेबात आधी धरायचे.

भगवान बुद्धांनी अनित्यतेची शिकवण दिली. सगळे बदलते, हे ओळखून शहाण्याने तयारी करावी, हात जोडून बसू नये. पावसाला नवस बोलून धरण भरत नाही. बाबासाहेबांनी नदीकडे याच नजरेने पाहिले, असे आम्हाला वाटते.

आपणही काही करू शकतो. आपली मुले-मुली आयटीआयला इलेक्ट्रिशियन होतात, डिप्लोमा-इंजिनिअरिंग करतात. त्यांनी वायरिंगपर्यंत थांबू नये. वीज आयोग, प्राधिकरण, भारप्रेषण केंद्र इथवर जावे, जिथे या देशाच्या दिव्यांचा हिशेब होतो. वीज दर ठरवण्याआधी राज्याचा वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो, सुनावणी घेतो. तिथे कारखानदार वकील घेऊन जातात. आपल्या वस्तीतले एक तरी लेखी निवेदन जावे. विहारातल्या अभ्यासवर्गात एक रविवार वीजबिल वाचायला शिकण्यासाठी द्यायला काय हरकत आहे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला लाखो बांधवांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मैथन, पंचेत पूर्ण झालेली, हिराकुडचे उद्घाटन झालेले त्यांना पाहायला मिळाले नाही. ज्या झाडाची सावली आपल्याला मिळणार नाही ते लावायचे, असे हे काम होते. त्या झाडाला पाणी घालणे आता आपल्याकडे आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जयभीम!